वर्णसंकेतन व स्थानसंकेत, डेटाबेसमधील

संगणकाच्या स्मृतीत अक्षर साठविता येत नाही. तेथे केवळ संख्या साठविता येते. कोणत्या वर्णाबद्दल कोणती संख्या वापरावयाची व ती किती बाइटांत कशी मांडावयाची, याविषयीच्या संकेतास वर्णसंकेतन म्हणतात. वर्णांनी बनलेल्या मजकुराचा क्रम कसा लावावयाचा, लहान व मोठी अक्षरे कोणती मानावयाची, तसेच संख्या, चलन, दिनांक व वेळ कशा लिहावयाच्या हे भाषेनुसार व देशानुसार बदलते. या नियमांच्या संचाला स्थानसंकेत म्हणतात. व्यवहारात यालाच ‘लोकेल’ असे नाव रूढ आहे. डेटाबेस म्हणजे मोठ्या प्रमाणावरील माहिती सुव्यवस्थितपणे साठवून ती हवी तेव्हा शोधून देणारी यंत्रणा. तिच्यात हे दोन्ही संकेत सतत, पण पडद्याआड वापरले जातात. एकच डेटाबेस विंडोज, लिनक्स, मॅकओएस यांसारख्या निरनिराळ्या परिचालन प्रणालींवर वापरला जाऊ लागला म्हणजे दोन्ही बाजूंचे संकेत जुळतातच असे नाही. ते न जुळल्यास नोंदींतील अक्षरे बिघडतात. एवढेच नव्हे, तर नोंद अस्तित्वात असूनही ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर मिळू शकते. जमिनीचे दप्तर, मतदारयादी, रुग्णालयातील नोंदी यांसारख्या ठिकाणी या उत्तराचा अर्थ त्या व्यक्तीच्या दृष्टीने गंभीर असतो. यामुळे संकेतनाचा प्रश्न हा केवळ मजकूर दिसावा कसा याचा नसून नोंदीच्या विश्वासार्हतेचा आहे.

इतिहास : सुरुवातीच्या काळात प्रत्येक संगणक-उत्पादक आपापले संकेतन वापरीत असे. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘ॲस्की’ हे संकेतन प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. ते ७ बिटांचे असून त्यात १२८ जागा होत्या. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालेत मात्र ‘एब्सिडिक’ हे ८ बिटांचे निराळे संकेतन वापरण्यात आले. ॲस्कीत प्रथम अंक, नंतर मोठी रोमन अक्षरे व शेवटी लहान अक्षरे असा संख्याक्रम आहे, तर एब्सिडिकमध्ये प्रथम लहान अक्षरे, मग मोठी अक्षरे व शेवटी अंक येतात. त्यामुळे तीच यादी या दोन प्रकारच्या यंत्रांवर संख्याक्रमाने लावली, तर दोन वेगळ्या याद्या मिळतात. प्रणाली बदलली की क्रम बदलतो, हा आजही भेडसावणारा प्रश्न अशा रीतीने प्रारंभापासूनच अस्तित्वात आहे.

ॲस्कीत इंग्रजीखेरीज अन्य भाषांची सोय नव्हती. म्हणून ८ बिटांतील वरच्या १२८ जागा निरनिराळ्या भाषासमूहांना देणारी अनेक संकेतने पुढे निघाली. पश्चिम यूरोपीय भाषांसाठी आयएसओ ८८५९-१ आणि विंडोज-१२५२ ही त्यांपैकी विशेष प्रसार पावलेली संकेतने होत. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे संकेतन तयार करण्यात आले व १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णरचना समान असल्याने इस्कीत सर्वांना एकच संख्यामाला दिली होती. उदा., १७९ ही संख्या देवनागरीत ‘क’ दर्शविते आणि गुजराती किंवा बंगाली लिपीत त्याच उच्चाराचा वर्ण दर्शविते. या सर्व ८ बिटी संकेतनांत एक उणीव समान होती : १७९ या संख्येचा अर्थ स्वतः त्या संख्येत नाही, तर ती कोणत्या संकेतनातील आहे या बाहेरच्या माहितीत आहे. ही माहिती हरवली की मजकूर हरवतो.

युनिकोड : जगातील सर्व लिपींतील प्रत्येक वर्णास एकच स्वतंत्र संख्या देणारी युनिकोड ही योजना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा संख्येस संकेतांक म्हणतात. युनिकोडमध्ये एकूण ११,१४,११२ संकेतांकांची सोय आहे. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ संकेतांक राखून ठेवलेले असून त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आवृत्तीवर आधारलेली आहे. ‘क’चा संकेतांक २३२५ आहे. एकदा दिलेला संकेतांक पुढे बदलावयाचा नाही, हे युनिकोडचे धोरण आहे.

संकेतांक ठरला तरी तो बाइटांत कसा लिहावयाचा हा प्रश्न उरतोच. यासाठी मुख्यत्वे दोन पद्धती प्रचारात आहेत. केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत एका संकेतांकास १ ते ४ बाइट लागतात. ॲस्कीतील वर्ण तेथे पूर्वीप्रमाणेच एका बाइटात राहतात, तर देवनागरी वर्णास ३ बाइट लागतात. ‘क’चे यूटीएफ-८ रूप २२४, १६४, १४९ असे आहे. यूटीएफ-१६ पद्धतीत २ किंवा ४ बाइट लागतात व ‘क’ २ बाइटांत मावतो. मात्र या दोन बाइटांपैकी आधी कोणता लिहावयाचा हे यंत्ररचनेवर अवलंबून असते. ‘क’चे बाइट ९, २१ किंवा २१, ९ असे लिहिले जातात. दुसऱ्या क्रमाने लिहिलेले बाइट पहिल्या क्रमाने वाचले, तर ५३८५ हा संकेतांक मिळतो आणि तो कॅनडातील मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी असलेल्या लिपीतील चिन्हाचा आहे. विंडोज व जावा यांच्या अंतर्भागात यूटीएफ-१६, तर लिनक्स व महाजाल यांवर यूटीएफ-८ रूढ झाल्यामुळे ‘आमची प्रणाली युनिकोड वापरते’ एवढे सांगणे पुरेसे होत नाही. कोणत्या रूपात वापरते, हेही सांगावे लागते.

मजकुराचा प्रवास : डेटाबेसमधील मजकूर तीन ठिकाणांतून जातो : साठवणीतील सारणी, सर्व्हर व वापरणारा संगणक यांमधील जोडणी, आणि वापरणाऱ्याची आज्ञावली. तिन्ही ठिकाणी संकेतन स्वतंत्रपणे ठरविता येते. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, ऑरॅकल इ. प्रणालींत वापरणाऱ्याने आपले संकेतन जाहीर करावयाचे व सर्व्हरने आवश्यक ते रूपांतर करावयाचे अशी योजना असते. जाहीर केलेले संकेतन व प्रत्यक्ष पाठविलेले बाइट यांत विसंगती असली की बिघाड होतो. हे बिघाड तीन प्रकारचे असतात.

पहिल्या प्रकारात बाइट शाबूत असतात, पण त्यांचे वाचन चुकते. यूटीएफ-८ मधील ‘क’ विंडोज-१२५२ समजून वाचला, तर वर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’, चलनाचे सामान्य चिन्ह व एक जाड ठिपका अशी तीन परकी चिन्हे दिसतात. योग्य संकेतन सांगताच मूळ अक्षर परत मिळते. दुसऱ्या प्रकारात चुकीच्या वाचनानंतर ती तीन चिन्हे खरी मानून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात. मूळ ३ बाइटांचे आता ७ बाइट होतात. हा बिघाड उलट क्रमाने सोडविता येतो. परंतु नेहमीच नाही. देवनागरीतील हलन्त चिन्हाच्या यूटीएफ-८ रूपातील तिसरा बाइट १४१ हा आहे आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. काटेकोर रूपांतरक तेथे अडतो किंवा भलतेच चिन्ह घालतो. परिणामी सुटी अक्षरे परत मिळतात, जोडाक्षरे मात्र मोडलेली राहतात.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. ज्या संकेतनात देवनागरीला जागाच नाही अशा संकेतनात मजकूर बदलताना प्रत्येक वर्णाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. सर्व वर्णांबद्दल ६३ ही एकच संख्या साठविली गेल्याने मूळ मजकूर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत मजकुराचा स्तंभ युनिकोडचा असूनही आज्ञेतील मजकुरामागे युनिकोडदर्शक ‘एन’ हे अक्षर न लिहिल्यास तो मजकूर प्रथम डेटाबेसच्या ८ बिटी संकेतनातून जातो व मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठविली जाते. नोंदींची संख्या बरोबर भरते आणि त्रुटीची कोणतीही सूचना मिळत नाही.

काही प्रणालींत तपासणी टाळण्याची सोय आहे. ऑरॅकलमध्ये वापरणाऱ्याने जाहीर केलेले संकेतन डेटाबेसच्या संकेतनासारखेच असेल, तर रूपांतर होत नाही. ती घोषणा खोटी असली, तरी बाइट जसेच्या तसे आत जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘एसक्यूएल-ॲस्की’ हा पर्याय निवडल्यास वरच्या १२८ बाइटांचा अर्थ प्रणाली पाहतच नाही. अशा डेटाबेसमध्ये विंडोजवरून आलेल्या व लिनक्सवरून आलेल्या नोंदी एकाच स्तंभात दोन संकेतनांत नांदू शकतात. हा दोष बहुधा डेटाबेस दुसऱ्या प्रणालीवर हलविण्याच्या दिवशीच उघडकीस येतो.

लांबीचा प्रश्न : स्तंभाची लांबी बाइटांत मोजली आहे की वर्णांत, हे प्रणालीगणिक बदलते. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा आहे. काना, मात्रा व हलन्त चिन्ह वेगळे मोजल्यास त्यात ९ संकेतांक आहेत. इस्कीत त्यास ९ बाइट, यूटीएफ-१६ मध्ये १८ व यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट लागतात. ऑरॅकलमध्ये लांबीचे एकक वेगळे न सांगितल्यास ते बाइट मानले जाते. त्यामुळे इंग्रजी नावांसाठी पुरेसा असलेला २० बाइटांचा स्तंभ यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे केवळ ६ संकेतांक सामावू शकतो. मजकूर बाइटांच्या हिशेबाने तोडल्यास वर्णाचे दोन तुकडे होऊन शेवटी निरर्थक बाइट उरतात.

याच संदर्भात मायएसक्यूएलचे उदाहरण बोधप्रद आहे. या प्रणालीतील ‘यूटीएफ८’ नावाचे संकेतन प्रत्यक्षात जास्तीत जास्त ३ बाइटांचे होते. चार बाइट लागणारे संकेतांक त्यात साठविता येत नसत. प्रणालीचे धोरण शिथिल असल्यास असा वर्ण येताच त्यापुढील सर्व मजकूर कापला जाई. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीचे संकेतांक ७११६८ पासून सुरू होत असून त्यांना ४ बाइटच लागतात. म्हणजे मोडी कागदपत्रांचे युनिकोडमधील लिप्यंकन या तथाकथित यूटीएफ-८ मध्ये ठेवणे अशक्य होते. २०१० मध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ हे पूर्ण संकेतन उपलब्ध करून देण्यात आले व २०१८ मधील ८.० या आवृत्तीपासून तेच आपोआप निवडले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या सारण्या मात्र हेतुपुरस्सर बदलाव्या लागतात.

स्थानसंकेताचे घटक : स्थानसंकेतात वर्णांचे वर्गीकरण, वर्णक्रम, संख्यालेखन, चलनलेखन, दिनांक-वेळ आणि प्रणालीच्या संदेशांची भाषा असे घटक असतात. बहुतेक प्रणालींत ते वेगवेगळे ठरविता येतात. यांपैकी संख्या व दिनांक यांच्या लेखनातील चूक सहज लक्षात येत नाही. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम व हजार दर्शविण्यासाठी टिंब वापरतात. तेथील पद्धतीने लिहिलेली ‘१.२३४’ ही संख्या भारतीय पद्धतीने वाचल्यास बाराशे चौतीसचे सव्वाहूनही कमी होतात. ‘०४/०५’ हा भारतात ४ मे असतो, तर अमेरिकेत ५ एप्रिल. दोन्ही वाचने वैध असल्याने यंत्र तक्रार करीत नाही. म्हणून संख्या व दिनांक डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून न ठेवता त्यांच्या स्वतंत्र प्रकारांत ठेवावेत आणि देवाणघेवाण करताना आयएसओ ८६०१ या प्रमाणानुसार वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरावा, असा संकेत आहे.

लहान व मोठ्या अक्षरांचे रूपांतरही भाषासापेक्ष असते. तुर्की भाषेत रोमन ‘आय’ हे अक्षर टिंबासह व टिंबाविना असे दोन स्वतंत्र वर्ण आहे. टिंबाविना मोठ्या ‘आय’चे लहान रूपही टिंबाविनाच होते. त्यामुळे तुर्की स्थानसंकेत असलेल्या यंत्रावर सारणीच्या इंग्रजी नावातील अक्षरे लहान केली की इंग्रजी यंत्रावरील नावाहून वेगळे नाव तयार होते व सारणीच सापडत नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे खरा प्रश्न वर्णक्रमाचा आहे.

वर्णक्रम व शोधसूची : संकेतांकांच्या संख्याक्रमाने शब्द लावणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. यूटीएफ-८ मधील बाइटांचा क्रम संकेतांकांच्या क्रमाशी जुळतो, त्यामुळे हा क्रम कोणत्याही यंत्रावर सारखाच राहतो. परंतु तो भाषेचा क्रम नव्हे. मराठी वर्णमालेच्या रूढ क्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो व त्यानंतर क्ष, ज्ञ येतात. युनिकोडमध्ये ‘ल’ २३५४, ‘ळ’ २३५५ व ‘व’ २३५७ असल्याने ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये पडतो. ‘क्ष’ला स्वतंत्र संकेतांक नसून तो ‘क’, हलन्त चिन्ह व ‘ष’ यांनी बनतो. म्हणून तो ‘क’च्या विभागात जातो. अनुस्वाराचा संकेतांक २३०६ हा सर्व स्वर-व्यंजनांच्या आधीचा असल्याने ‘कंस’ हा शब्द ‘कडू’च्याच नव्हे, तर ‘कक्ष’च्याही आधी येतो.

भाषेप्रमाणे क्रम लावण्यासाठी युनिकोडने एक बहुस्तरीय तुलनापद्धती ठरविली आहे. तीत प्रथम मूळ वर्ण, नंतर त्यावरील चिन्हे व शेवटी लहान-मोठेपणा अशा पायऱ्यांनी तुलना होते. प्रत्येक भाषेचे वेगळे नियम ‘सीएलडीआर’ या सामाईक संग्रहात नोंदलेले असून ‘आयसीयू’ हा आज्ञावलीसंग्रह ते वापरतो. मराठीचे नियमही या संग्रहात आहेत.

संकेतांक स्थिर असले तरी वर्णक्रमाचे नियम स्थिर नसतात. संशोधन व दुरुस्त्या यांनुसार ते बदलत राहतात. डेटाबेसच्या दृष्टीने यातच मोठा धोका आहे. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस नोंदींची एक क्रमवार शोधसूची ठेवतो. शोध घेताना मधली नोंद पाहून इष्ट शब्द तिच्या आधी असेल की नंतर, हे वर्णक्रमाच्या नियमाने ठरविले जाते आणि उरलेला भाग न पाहताच सोडून दिला जातो. सूची एका नियमाने रचली व शोध दुसऱ्या नियमाने घेतला, तर शोध चुकीच्या भागात शिरतो. ‘ळ’चे शब्द ‘ल’नंतर छापलेल्या कोशात ते ‘ह’नंतर शोधणारा वाचक जसा ‘शब्द कोशात नाही’ असे म्हणेल, तसेच उत्तर यंत्रही देते. त्यातून आणखी एक अनर्थ संभवतो. नोंद आधी नाही असे समजून तीच नोंद पुन्हा आत घेतली जाते व एकमेव असावयास हवी अशी नोंद दुहेरी होते.

हे केवळ तात्त्विक संकट नाही. लिनक्समधील ‘जीलिबसी’ या मूलभूत आज्ञावलीसंग्रहाच्या ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाची कोष्टके मोठ्या प्रमाणावर बदलण्यात आली. इंग्रजी स्थानसंकेतात ‘११’ व ‘१-१’ यांसारख्या आंतरराष्ट्रीय अंकांतील साध्या मजकुरांचाही क्रम उलटा झाला. पोस्टग्रेएसक्यूएल वर्णक्रमासाठी परिचालन प्रणालीच्या या संग्रहावर अवलंबून असल्याने, जुन्या लिनक्सवर रचलेल्या शोधसूच्या २०१९ मधील डेबियन १० किंवा रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ यांवर जशाच्या तशा आणल्यास सदोष ठरू लागल्या. डेटाबेसमधील एकही बाइट बदललेला नव्हता. बदलला होता तो बाइटांकडे पाहण्याचा नियम. दोन सर्व्हरांवर एकाच डेटाबेसची हुबेहूब प्रत सतत ठेवली जाते तेव्हा त्या दोहोंवरील परिचालन प्रणालींच्या आवृत्त्या भिन्न असल्यासही हाच दोष उद्भवतो. यावर उपाय म्हणजे सूच्या नव्याने रचणे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ पासून आयसीयूचा वर्णक्रम वापरण्याची व २०२२ पासून तो संपूर्ण डेटाबेससाठी निवडण्याची सोय झाली आहे. आयसीयूची आवृत्ती बदलली तरीही सूच्या पुन्हा रचाव्या लागतातच. मात्र आवृत्तीची नोंद राहत असल्याने बदल झाल्याचे कळते. मायएसक्यूएल व ऑरॅकल यांनी वर्णक्रमाची कोष्टके स्वतःच्या आज्ञावलीतच ठेवली आहेत. त्यामुळे परिचालन प्रणाली बदलली, तरी त्यांचा क्रम बदलत नाही. एसक्यूलाइटमध्ये सामान्यतः बाइटांचाच क्रम वापरतात. तेथील लहान-मोठा भेद न मानणारी तुलना केवळ ॲस्कीतील २६ रोमन अक्षरांपुरती असते.

स्थानसंकेतांची नावे : एकच स्थानसंकेत निरनिराळ्या प्रणालींवर निरनिराळ्या नावांनी ओळखला जातो. लिनक्समध्ये भाषेचे दोन अक्षरी चिन्ह, देशाचे दोन अक्षरी चिन्ह व संकेतन अशी नावाची घडण असते. मराठी-भारतासाठी ते ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ असे होते. विंडोजमध्ये भाषा व देश यांची पूर्ण इंग्रजी नावे वापरण्याची जुनी रीत आहे. विंडोजवरील पोस्टग्रेएसक्यूएलमधून काढलेली प्रत लिनक्सवर उभारताना ‘असा स्थानसंकेत नाही’ म्हणून काम अडते, त्याचे कारण हेच होय. हा अडथळा उघड असल्याने निरुपद्रवी असतो. काम पुढे रेटण्यासाठी हाती लागेल तो स्थानसंकेत निवडणे मात्र धोक्याचे ठरते.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न : युनिकोडमध्ये काही मराठी शब्द दोन रीतींनी लिहिता येतात व दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. ‘कऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ हा ‘ऱ’ (२३५३) व हलन्त चिन्ह (२३८१) यांनी लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ (२३५२), हलन्त चिन्ह व शून्य रुंदीचा संधायक (८२०५) यांनी लिहिता येतो. त्याचप्रमाणे ‘ॲ’ या वर्णास २००८ मध्ये २४१८ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात तो ‘अ’ (२३०९) व अर्धचंद्र (२३७३) असा दोन संकेतांकांनी लिहिलेला आढळतो. युनिकोडच्या प्रमाणरूप-नियमांमुळे ‘ऱ’ आणि नुक्ता जोडलेला ‘र’ यांसारखी काही समान रूपे एक होतात. वरील दोन जोड्या मात्र एक होत नाहीत. त्यामुळे एका कळफलकावरून नोंदलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडत नाही. नोंद आत घेताना व शोध घेताना दोन्ही वेळी मजकूर एकाच रूपात आणणे हाच यावरचा उपाय आहे.

याहून जुना प्रश्न युनिकोडपूर्व टंकांचा आहे. त्या काळातील अनेक देवनागरी टंकांत रोमन वर्णांच्या जागी अक्षरांचे आकार बसविलेले होते. त्यामुळे डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात रोमन वर्णांच्या संख्याच साठत. तो टंक असेतोवर मजकूर मराठी दिसे. टंक गेला की निरर्थक रोमन अक्षरे उरत. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी असल्याने अशा नोंदींचे रूपांतर करण्यास त्या-त्या टंकाचे कोष्टक लागते. ऱ्हस्व वेलांटी आकाराच्या क्रमानुसार व्यंजनाच्या आधी साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानुसार व्यंजनानंतर येते. म्हणून रूपांतर करताना संख्या बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. टंकाचे नाव नोंदींबरोबर जपलेले नसल्यास जुने दप्तर वाचणे दुर्घट होते.

स्थलांतराची कार्यपद्धती : डेटाबेस एका प्रणालीवरून दुसरीवर हलविताना पुढील दक्षता घेतात. (१) मूळ साठवण, जोडणी व वापरणारी आज्ञावली या तिन्हींचे संकेतन पाहून लेखी नोंदवितात. केवळ पडद्यावर मजकूर बरोबर दिसतो यावरून निष्कर्ष काढीत नाहीत, कारण दोन परस्परविरुद्ध चुका एकमेकींना झाकू शकतात. (२) मजकुराचे प्रत्यक्ष बाइट तपासतात. ‘क’बद्दल २२४, १६४, १४९ आढळल्यास यूटीएफ-८, १७९ आढळल्यास बहुधा इस्की, आणि ६३ आढळल्यास मूळ मजकूर नष्ट झाला असे समजतात. (३) मूळ प्रत न बदलता जपून ठेवतात. (४) नवीन डेटाबेसचे संकेतन, वर्णक्रम व त्याची आवृत्ती स्पष्टपणे नमूद करतात; यंत्राने आपोआप दिलेल्या मूल्यांवर विसंबत नाहीत. (५) स्तंभांच्या लांबीचे एकक तपासतात. (६) मजकुरावरील सर्व शोधसूच्या नव्याने रचतात. (७) केवळ नोंदींची संख्या न मोजता जोडाक्षरे, ‘ऱ’, ‘ळ’, ‘ॲ’, अनुस्वार व चार बाइटी वर्ण असलेल्या निवडक नोंदी शोधून, क्रमाने लावून व परत वाचून पाहतात.

संकेतनाचे नाव हा नोंदीबाहेरचा तपशील नसून नोंदीचाच भाग आहे, हे या सर्व दक्षतांचे मूलतत्त्व होय. युनिकोडच्या सार्वत्रिक स्वीकारामुळे कोणत्या संख्येचा कोणता वर्ण, हा जुना प्रश्न बराचसा सुटला आहे. वर्णांचा क्रम कोणता व कोणती दोन रूपे एकच मानावयाची, हे प्रश्न मात्र भाषेच्या स्वरूपातूनच निर्माण होतात. त्यांचे उत्तर यंत्रास प्रत्येक वेळी सांगावे लागते व दिलेले उत्तर नोंदींबरोबर जपून ठेवावे लागते.